कामावर इजा झाली तर: नुकसानभरपाईची वाट, दवाखान्यापासून वसुलीपर्यंत

प्रेसमध्ये बोट गेलं, परांचीवरून पाय सटकला, ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला. अशा वेळी घरात आणि कारखान्यात पहिली चर्चा होते ती चूक कोणाची याची. नुकसानभरपाईच्या कायद्यात या प्रश्नाला फारशी किंमत नाही. इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली असेल, तर मालकाने पैसे द्यायचे; त्याची चूक दाखवायची गरज नाही. प्रत्यक्षात वाद होतात ते चार गोष्टींवर: तुम्ही तिथे कामाला होता का, इजा कामावरच झाली का, पगार किती होता आणि वय किती. चारही गोष्टी कागदावर ठरतात, आणि त्यातले महत्त्वाचे कागद पहिल्या दोन दिवसांत एकतर तयार होतात किंवा बिघडतात.

कायद्याचं नाव आधी नीट समजून घ्या. भारतात ही व्यवस्था १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्या सातव्या प्रकरणात सामावला गेला. हिशेबाची रीत, इजांची टक्केवारी आणि दाव्याची मुदत यांत मोठा फरक पडलेला नाही. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर अर्जात जुन्या कायद्याचा उल्लेख करायचा, नंतरचा असेल तर संहितेचा.

पहिला दिवस: दवाखान्यात काय लिहिलं जातंय?

जखमी माणसाला दवाखान्यात नेतो तो बहुतेक वेळा सुपरवायझर किंवा ठेकेदाराचा माणूस. केस पेपर काढताना 'काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर तोच देतो. 'घरी पडला', 'गाडीवरून घसरला' असं एकदा लिहिलं गेलं की पुढे दोन वर्षं वकील त्या एका ओळीशी झगडत बसतो. जखमी शुद्धीवर असेल तर त्याने स्वतः, नसेल तर घरच्यांनी किंवा सोबतच्या कामगाराने डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं: कुठल्या कंपनीत, किती वाजता, कुठल्या मशीनवर, काय करताना. मग केस पेपरवर तसंच लिहिलंय का ते वाचायचं. चुकलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्ती करून घ्या. महिनाभराने केलेली दुरुस्ती संशयास्पद दिसते.

डॉक्टरांना एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, नोंदवायला सांगा. ती नोंद पोलीस चौकीपर्यंत जाते आणि तुमच्या बाजूने स्वतंत्र पुरावा उभा राहतो. बोट तुटणं, डोळा जाणं, उंचावरून पडणं अशा इजांमध्ये सरकारी रुग्णालयं ती बहुधा करतातच. छोट्या खासगी दवाखान्यात मात्र मालकाच्या ओळखीने ती टाळली जाते. टाळली असेल तर नातेवाइकाने स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आणखी तीन कामं उरकून घ्या.

एक, सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं, मोबाइल नंबर आणि गावचे पत्ते लिहून ठेवा. गावचा पत्ता यासाठी, की ठेक्यावरची माणसं सहा महिन्यांत दुसऱ्या साइटवर गेलेली असतात आणि नंबर बदललेले असतात.

दोन, मशीनचा किंवा जागेचा फोटो काढा. प्रेसला गार्ड होतं का, सेन्सर चालू होता का, दोन्ही हातांनी दाबायचं बटण वायर जोडून एकहाती केलं होतं का, हे फोटोत दिसलं पाहिजे. अपघातानंतर गार्ड बसवायला कारखान्याला एक शिफ्ट पुरते.

तीन, कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा न वाचता दिलेल्या कुठल्याही कागदावर सही अथवा अंगठा करू नका. दवाखान्याचं बिल भरायचं आहे म्हणून सही हवी, असं सांगितलं जातं. बिल भरायला जखमी माणसाच्या सहीची गरज नसते. त्या सहीवर नंतर राजीनामा किंवा 'पूर्ण रक्कम मिळाली' असा मजकूर चढतो.

तुमची वाट कोणती: ईएसआय की मालकाकडून भरपाई?

ही निवड तुमच्या हातात नसते. तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, विमाधारक असाल, तर कामावरच्या इजेचे पैसे ईएसआयकडूनच मिळतात आणि मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. नसाल, तर भरपाई मालकाने द्यायची. चुकीच्या दारात गेलेला अर्ज वर्ष-दीड वर्षाने फेटाळला जातो आणि तेवढा काळ फुकट जातो.

ओळखायचं कसं? पगार स्लिप पाहा. ईएसआयची कपात पगाराच्या ०.७५ टक्के असते, म्हणजे १८,००० पगारावर १३५ रुपये. दहा आकडी विमा क्रमांक असलेलं पहचान कार्ड मिळालं असेल तर प्रश्नच नाही. साधारण नियम असा: दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार. अर्धवर्षाच्या मध्येच पगार २१,००० च्या वर गेला तरी ते अर्धवर्ष संपेपर्यंत विमा चालू राहतो. अर्धवर्षं एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी मोजतात.

एक खोच लक्षात ठेवा. काही ठिकाणी कामगाराची ईएसआय नोंदणी अपघातानंतर घाईघाईने केली जाते आणि कामावर लागल्याची तारीख आदल्या दिवसाची दाखवली जाते. अशा वेळी चौकशी होते. तुम्ही खरे कधीपासून कामावर होता याचा पुरावा, म्हणजे बँकेत जमा झालेला पगार, हजेरीचा फोटो किंवा गेट पास, तुमच्याकडे असेल तरच चौकशीत तुमची बाजू टिकते.

ईएसआयची वाट

ही वाट सरळ आहे. मालकाने अपघाताची नोंद कारखान्यातल्या अपघात वहीत, म्हणजे नमुना ११ मध्ये करायची आणि नमुना १२ मध्ये अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयाला पाठवायचा. गंभीर अपघातात ताबडतोब, इतर वेळी २४ तासांत. मालक टाळाटाळ करत असेल तर शाखा कार्यालयात स्वतः लेखी कळवा आणि प्रतीवर शिक्का घ्या.

रजेचं प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं. तातडीच्या वेळी खासगी रुग्णालयात दाखल झाला असाल, तर तिथले कागद घेऊन लवकरात लवकर ईएसआय दवाखान्यात जा. प्रमाणपत्रांत मधले दिवस सुटले तर त्या दिवसांचे पैसे अडकतात.

बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. ढोबळ हिशेबाने रोज ६०० पडत असतील तर ५४०. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडलं पाहिजे. कामावरच्या इजेसाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे पाहिलं जात नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी हक्क आहे.

जखम भरली पण बोट गेलं, अशी स्थिती असेल तर मेडिकल बोर्डासमोर जायचं. बोर्ड कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम सुरू होते, ती आयुष्यभर. वरच्याच हिशेबात १४ टक्के ठरले तर दिवसाला साधारण ७५ रुपये. रक्कम लहान वाटते म्हणून बरेच जण बोर्डाकडे जातच नाहीत. पंचवीस-तिशीतल्या माणसाने हा आळस करू नये. दिवसाचे ७५ म्हणजे वर्षाचे सत्तावीस हजार होतात, आणि नोकरी बदलली तरी ते बंद होत नाहीत. टक्केवारी कमी वाटली तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयाकडे दाद मागता येते.

मालकाकडून भरपाई: रक्कम कशी निघते?

ईएसआय नसेल तर पुढचा सगळा भाग तुमच्यासाठी. बांधकाम, ट्रक-टेम्पो, ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रावरची शेतीकामं, झाडतोड, दहाच्या आत माणसं असलेली वर्कशॉप्स, हे सगळे बहुधा इथेच येतात. रोजंदारीचा कामगारही येतो. किमान किती माणसं कामाला हवीत, अशी अट इथे नाही.

सूत्र तीन आकड्यांचं आहे: महिन्याचा पगार, वयाचा गुणक आणि इजेची टक्केवारी.

मृत्यू झाला तर पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, जसं दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले, तर ६० टक्के गुणिले गुणक. कायमचं पण अंशतः अपंगत्व असेल, तर या ६० टक्क्यांच्या रकमेतून इजेच्या टक्केवारीइतका वाटा.

पगार कितीही असला तरी हिशेबात महिना १५,००० पर्यंतच धरला जातो. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे. तिच्या आधीच्या अपघातांना ८,००० ची जुनी मर्यादा लागते. मर्यादा केंद्र सरकार अधिसूचनेने वाढवतं, म्हणून अर्ज लिहिण्याआधी अपघाताच्या दिवशी कोणता आकडा लागू होता ते वकिलाकडून खात्री करून घ्या.

गुणक वयाप्रमाणे उतरतो. २० वर्षांना २२४.००, २५ ला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९, ५५ ला १३५.५६, ६० ला ११७.४१, आणि ६५ व त्यापुढे ९९.३७. मधल्या प्रत्येक वर्षाला वेगळा आकडा आहे. वय धरायचं ते शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेलं.

टक्केवारीची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे. हाताच्या इजांपुरतं सांगायचं तर: अंगठा पूर्ण गेला ३० टक्के, अंगठ्याचं टोकाचं पेर २०. तर्जनी पूर्ण १४, दोन पेरं ११, एक पेर ९, हाड न जाता फक्त टोक कापलं गेलं तर ५. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एकाच हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चारही बोटं ५०. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळा जागेवर आहे पण दृष्टी गेली तर ३०.

आता हिशेब करून पाहू. वय ३०, पगार १८,०००, प्रेसमध्ये तर्जनी मुळापासून गेली. पगार धरायचा १५,०००. त्याचे ६० टक्के ९,०००. गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के म्हणजे २,६२,०५४ रुपये. मालक 'पन्नास हजार घे आणि विषय मिटव' म्हणतो तेव्हा हा आकडा डोक्यात हवा.

याच माणसाचा पगार रेकॉर्डवर ११,००० दाखवून बाकीचा रोख दिला जात असेल, तर तोच हिशेब १,९२,१७३ वर येतो. जवळपास सत्तर हजारांचा फरक एका बोटात पडतो. म्हणून रोख मिळणाऱ्या पगाराचा मागमूस ठेवा: यूपीआयच्या नोंदी, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप मेसेज, ओव्हरटाइमच्या वहीचे फोटो. काहीच नसेल तर त्याच कामावरच्या दुसऱ्या माणसाच्या पगारावरून सरासरी काढता येते, पण त्यासाठी तो माणूस साक्षीला यावा लागतो.

वयाचंही तसंच. आधार कार्डावर 'एक जानेवारी' अशी अंदाजाने टाकलेली जन्मतारीख असेल आणि शाळेच्या दाखल्यावर वेगळी, तर दाखला काढून आणा. एका वर्षाने गुणक २०७.९८ वरून २०५.९५ वर येतो. पूर्ण अपंगत्वात तो फरक १८,००० रुपयांच्या पुढे जातो.

यादीत नसलेली इजा

कंबरेचं हाड मोडलं, खांदा वर जात नाही, हाताची पकड गेली. यादीत यांतलं काहीच नाही. अशा वेळी डॉक्टर कमाईची क्षमता किती घटली त्याची टक्केवारी देतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र शरीराच्या अवयवाबद्दल बोलतं, आणि कायदा विचारतो कमाईबद्दल. पाय २० टक्के अधू असलेला टेबलावर बसून काम करू शकतो. परांचीवर चढणारा गवंडी पुन्हा चढू शकत नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं गेलं. डॉक्टरांकडून लिहून घेताना तुमचं काम नेमकं काय होतं, त्यात रोज कोणत्या हालचाली लागत, हे त्यांना सांगा आणि प्रमाणपत्रात त्याचा उल्लेख येईल असं पाहा. ते डॉक्टर साक्षीला येतील का, हेही आधीच विचारून ठेवा. साक्षीला न आलेल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र समोरचा वकील सहज बाजूला सारतो.

तात्पुरतं अंथरूण धरलं असेल तर

काही आठवडे काम बंद आणि मग पूर्ण बरं, अशा इजेला दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के मिळतात. १५,००० वर ३,७५०. पहिले तीन दिवस मोजत नाहीत. काम २८ दिवस किंवा जास्त बंद राहिलं तर मात्र तेही धरले जातात. ही रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षं मिळू शकते.

उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, आणि तो भरपाईतून वजा होत नाही. 'दवाखान्यात दीड लाख घातले, आता कसले पैसे?' हे वाक्य फार ऐकू येतं. कायद्याने त्याला आधार नाही. औषधांच्या प्रत्येक पावतीवर रुग्णाचं नाव हवं, एवढं सांभाळा.

मालकाची ठरलेली उत्तरं

'तुझीच चूक.' निष्काळजीपणा हा बचाव नाही. बचाव तीनच आहेत: नशा केली होती, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा गार्डसारखं सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हेही बचाव चालत नाहीत. उत्पादन वाढावं म्हणून गार्ड सुपरवायझरच्या सांगण्यावरून काढलं असेल, तर तो दोष कामगाराचा ठरत नाही.

'तो आमचा नाही, ठेकेदाराचा.' कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच धंद्याचं काम चालू असेल तर मुख्य मालकही जबाबदार असतो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं. अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. ठेकेदार गायब होतो, कारखाना जागेवर राहतो.

'आमचा विमा नाही' किंवा 'पॉलिसीत याचं नाव नाही.' हा मालक आणि विमा कंपनी यांच्यातला मामला आहे. मालकाची जबाबदारी विमा असो नसो कायम राहते. विमा असेल तर कंपनीलाही प्रतिवादी करा, कारण शेवटी चेक तिच्याकडूनच लवकर निघतो.

'अपघात रस्त्यावर झाला.' इथे चित्र बदललं आहे. महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात वारला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कामाच्या ओघात झालेला मृत्यू मानला. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ आणि जागा यांचा कामाशी संबंध दाखवता आला तर धरला जातो. संहितेतही तशी तरतूद आहे. म्हणून पाळीची वेळ दाखवणारा कागद इथे फार मोलाचा.

ट्रक-टेम्पोच्या चालकांसाठी एक वेगळी सूचना. कामावर असताना वाहन अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा नुकसानभरपाई, यांपैकी एकच वाट धरता येते. समोरच्या वाहनाची चूक स्पष्ट असेल तर न्यायाधिकरणात १५,००० ची पगारमर्यादा आड येत नाही. स्वतःचीच गाडी उलटली असेल तर नुकसानभरपाईची वाट बरी, कारण तिथे चूक विचारत नाहीत. हे अर्ज टाकण्याआधी ठरवा.

नोटीस आणि अर्ज

आधी मालकाला लेखी नोटीस द्या, जमेल तितक्या लवकर. त्यात नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ आणि जागा, काय करताना काय झालं, पगार, वय आणि मागणीची रक्कम, एवढं पुरे. पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. मालकाने फुकट वैद्यकीय तपासणी करून देतो म्हटलं तर नकार देऊ नका. विनाकारण नकार दिला तर तेवढ्या काळापुरता तुमचा हक्क स्थगित होतो. तपासणीला मात्र स्वतःचे सगळे रिपोर्ट घेऊन जा.

दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायचा. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होतो, पण त्यावर विसंबू नका. 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणत दोन वर्षं काढणं हा काही मालकांचा जुना डाव आहे.

दावा कुठे? अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. चाकणला हात गेलेला बीडचा माणूस आपल्याच जिल्ह्यात अर्ज करू शकतो. तारखांना पुण्याला जायचं भाडं परवडत नाही म्हणून दावे सुटतात, तेव्हा ही सवलत वापरा. महाराष्ट्रात ही प्रकरणं मुख्यतः कामगार न्यायालयात चालत आली आहेत; संहितेच्या भाषेत त्या जागेला सक्षम प्राधिकारी म्हणतात.

अर्जासोबत लागतं ते असं: ओळखपत्र आणि वयाचा पुरावा, नोकरीचा पुरावा, पगाराचा पुरावा, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमएलसी किंवा पोलीस कागद, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, नोटिशीची प्रत आणि पावती. नेमणूकपत्र नसणं ही नेहमीचीच गोष्ट आहे. त्याऐवजी पीएफचं पासबुक चालतं, त्यात मालकाचं नाव छापलेलं असतं. गेट पास, युनिफॉर्ममधला फोटो, बँक खात्यातल्या नोंदी, सोबत्याचं प्रतिज्ञापत्र, यांतलं जे असेल ते लावा. कारखान्यात अपघात झाला असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे चौकशी अहवाल आहे का ते माहितीच्या अधिकारात विचारा. सरकारी निरीक्षकाने लिहिलेला अपघात मालकाला सहसा नाकारता येत नाही.

वकील ठेवणं सक्तीचं नाही; नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमच्या वतीने उभा राहू शकतो. औद्योगिक कामगार, महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; हेल्पलाइन १५१००. 'मिळालेल्या रकमेचे इतके टक्के माझे' अशी फी ठरवणं वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही. असं कोणी म्हणाला तर दुसरा वकील बघा.

बाहेर तडजोड करायची असेल तर

तडजोड वाईट नसते. हिशेबाच्या जवळ जाणारा आकडा असेल तर दोन-तीन वर्षं वाचतात. पण करार न्यायालयात नोंदवला पाहिजे. नोंद न झालेल्या करारावर पैसे घेतलेत तरी उरलेल्या रकमेचा तुमचा हक्क जात नाही, आणि हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही. आधीच स्टॅम्प पेपरवर सही करून बसला असाल तर हताश होऊ नका. तो कागद घेऊन वकिलाकडे जा.

मृत्यू झाला असेल तर

भरपाई मालकाने न्यायालयात जमा करायची असते. विधवेच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याने भरपाई धरली जात नाही. अपवाद फक्त तीन महिन्यांच्या पगारापर्यंतच्या उचलीचा. न्यायालय अवलंबितांची चौकशी करून वाटणी करतं आणि अज्ञान मुलांचा वाटा बहुधा बँकेत मुदत ठेवीत ठेवतं. तिशीतल्या, १५,००० पगार धरलेल्या कामगाराच्या मृत्यूला हिशेब १५,५९,८५० चा होतो. घरातल्यांमध्ये वाद असेल तरी आधी दावा दाखल करा, वाटणीचं भांडण मागाहून आत होऊ द्या.

याशिवाय मिळू शकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि त्यांनी भरपाई कमी होत नाही: पीएफ सदस्य असेल तर कुटुंब पेन्शन आणि पीएफशी जोडलेला ७ लाखांपर्यंतचा विमा, बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख, बांधकाम कामगार मंडळाकडे नोंद असेल तर तिथली मदत. बँक पासबुकात ती २० रुपयांची ओळ शोधा. कित्येक घरांना ती असल्याचं माहीतच नसतं.

व्याज, दंड, वसुली

भरपाई देय होते अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नाही. एका महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज. वरच्या २,६२,०५४ वर वर्षाला साधारण ३१,४४६ रुपये. उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत वाढीव रक्कम दंड म्हणून लागू शकते. हा दंड अर्जातच मागावा लागतो. न मागितल्यामुळे तो कित्येकदा राहून जातो. मालकाला जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम त्याने वाद चालू असतानाही भरायची असते, तीही मागा.

निकालाविरुद्ध मालकाला ६० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, पण कायद्याच्या ठोस मुद्द्यावरच, आणि निकालाची रक्कम आधी जमा करून. अपील झालं म्हणून घाबरायचं कारण नाही, पैसे तोवर न्यायालयात आलेले असतात. तुमच्या भरपाईवर सावकाराला किंवा बँकेला जप्ती आणता येत नाही.

मालकाने अपीलही केलं नाही आणि पैसेही भरले नाहीत, तर वसुलीचा अर्ज करायचा. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते: न्यायालयाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदारांकडे. फाइल इथेच अडकते, कारण तहसील कार्यालयाला मालकाची मालमत्ता कुठे आहे ते ठाऊक नसतं. कारखान्याच्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मालकाच्या गाड्यांचे नंबर, बँकेचं नाव आणि शाखा (तुमचा पगार ज्या खात्यातून यायचा ते पासबुकात दिसतं) असं सगळं लिहून वसुलीच्या अर्जासोबत स्वतः द्या, आणि तहसीलमध्ये आवक क्रमांक घेऊन दर महिन्याला त्या क्रमांकाने विचारणा करा.